चिमटा मंडळातला लाल चिमटा

मी एक जुना लाकडी चिमटा आहे, मित्रांनो. दोरीवर वाळत घातलेले कपडे वाऱ्याने उडू नयेत म्हणून लावतात ना, तसला. चिमट्याला कसलं आलंय आयुष्य, असं तुम्हांला वाटेल. मलाही पुष्कळदा तसंच वाटतं. सांगायला बसलो आहे खरा, पण नीट सांगता येईल की नाही याची खात्री नाही. तरी माझ्या अंगावर लाल रंगाचे थोडे पापुद्रे अजून उरले आहेत, आणि ते कुठून आले हे सांगणारं दुसरं कुणी दिसत नाही.

लाकडाच्या दोन पट्ट्या आणि मध्ये एक स्प्रिंग, एवढाच माझा जन्म. चिंचणीच्या विजयाताईंनी मला माझ्या भावंडांसकट बोईसरच्या बाजारातून आणलं. त्यांच्या वाडीत, दोन नारळांच्या मध्ये बांधलेल्या दोरीवर मी कामाला लागलो. त्यांचे यजमान कमलाकांत बोईसरच्या एका कारखान्यात मीटर दुरुस्त करायचे. त्यांचा कारखान्यातला शर्ट कितीही धुतला तरी त्याला रसायनांचा वास येई. माणूस फार हळू बोलायचा. दुकानात गेला तरी दुकानदाराचं लक्ष जाईपर्यंत नुसता उभा राहायचा.

त्यांचा मेहुणा बोटीवर नोकरीला होता. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. त्याने परदेशातून एक गाडी आणली. मांजराएवढी असेल, पण तिला खरं इंजिन होतं आणि ती हातातल्या रिमोटवर चालायची. कमलाकांतांनी मिथेनॉलमध्ये एरंडेल तेल मिसळून तिचं इंधन घरीच तयार केलं. ती पहिल्यांदा सुरू झाली, तेव्हा वाडीतल्या कोंबड्या कुंपणाबाहेर पळाल्या आणि सबंध दुपार जळक्या एरंडेलाचा वास येत राहिला.

वासाच्या मागोमाग माणसं आली. पहिला आला जानू. तो होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा. मग रंगाच्या कारखान्यातला शिवपूजन आला, तो जौनपूरकडचा. पालघरहून, तारापूरहून आणखी काही हौशी मंडळी येऊ लागली. कुणी जुनी गाडी विकत घेतली, कुणी मोडकी आणून जुळवली. असा आमचा क्लब सुरू झाला.

पण या गाड्यांची एक अडचण होती. प्रत्येक रिमोटची रेडिओची लहर ठरलेली असते आणि तिला एक रंग दिलेला असतो. एकाच रंगाचे दोन रिमोट एका वेळी चालू झाले, तर गाडी कुणाचंच ऐकत नाही.

"म्हंजे एका होडीवर दोन तांडेल," जानू म्हणाला. तांडेल म्हणजे होडी हाकणारा मुख्य.

"हो, तसंच," कमलाकांत म्हणाले. मग त्यांनी आम्हां सहा चिमट्यांना दोरीवरून उतरवलं, प्रत्येकाला एकेक रंग दिला आणि एका फळीवर ओळीने लावलं. मला रंगवायला त्यांनी विजयाताईंची नखांना लावायच्या लाल रंगाची बाटली घेतली.

"चिमटे नटवा तुम्ही," विजयाताई म्हणाल्या. "बायको राहू दे तशीच."

नियम सोपा होता. ज्याला रिमोट चालू करायचा, त्याने आपल्या रंगाचा चिमटा फळीवरून काढून कॉलरला लावायचा. चिमटा फळीवर नसेल, तर बटणाला हात लावायचा नाही. लाल रिमोट दोघांकडे होते, जानूकडे आणि शिवपूजनकडे. त्यामुळे सगळ्यांत जास्त फिरलो तो मीच. या कॉलरवरून त्या कॉलरवर.

जागेचा प्रश्न होता. किनाऱ्यावर सुरूच्या झाडांपलीकडे सपाट, कठीण जमीन आहे. तिथे बायका बोंबील वाळवतात. बांबूंवर दोऱ्या ताणून त्यांवर बोंबील टांगायचे, त्या मांडणीला वलांडी म्हणतात. अर्धी जागा वलांडींची, अर्धी मोकळी. तिथला कारभार जानूची मावशी मंजुळा बघायची. नवरा समुद्रावरून परत आला नाही, तेव्हापासून ती सुक्या मासळीची पाटी डोक्यावर घेऊन वाणगावपर्यंत आणि त्याच्याही आत गावोगाव हिंडायची. तिचे पाय चालत, तेव्हा तिची चूल पेटत असे.

कमलाकांत तिच्यापुढे मान घालून उभे राहिले. "रविवारी सकाळीच फिरवू, मंजुळाबाई. कुणाला त्रास होणार नाही. मी शब्द देतो."

"फिरवा. पन माज्या वलांडीला नायतं मानसाला धक्का लागला, तं तुमच्या गाड्या कालवनात घालीन."

"मावशे, त्यात एरंडेल असतंय," जानू म्हणाला. "सगल्या गावाचं पोट साफ होईल."

"आदी तुजंच करते."

मित्रांनो, त्या दिवसांत आमची फार ऐट होती. सव्वीस जानेवारीला शर्यत असे आणि लाऊडस्पीकरवरून आमची नावं पुकारली जात: "लाल चिमटा, जानू. निळा चिमटा, पालघर." लोक क्लबला चिमटा मंडळच म्हणू लागले. मुंबईहून आलेले एक पाहुणे आमची फळी बघून म्हणाले, की इतकी शिस्त आमच्याकडेही नाही. कमलाकांत लाजून झाडामागे गेले. शिवपूजन हात पुढे करून म्हणायचा, "लाल दे दो, जानूभाई," आणि जानू मला त्याच्या कॉलरला लावताना हटकून त्याचा कान चिमटायचा.

"भय्या, इतकी वरसं झाली, मराटी कदी शिकनार तू?"

"सीख गया. बोंबील. नाय. चल."

"पुरं झाला. चिंचणीत यापरीस जास्त लागत नाय," मंजुळामावशी वलांडीजवळून म्हणायची.

मग वर्षं गेली. कुणाची बदली झाली, कुणाची गाडी मोडली आणि सुटे भाग मिळेनात. आपली आपली चारपाच माणसं उरली. घरच्या माणसांत नियम फार दिवस टिकत नाहीत. एकदा कुणीतरी म्हणालं, "आता कशाला चिमटे? आपण काय शाळेत आहोत?" सगळे हसले. कमलाकांतांना वाटत होतं की नियम राहावा. पण ठणकावून सांगणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. तेही थोडं हसले.

त्यानंतर फळी इंधनाच्या डब्याखाली गेली, डबा वाळूत कलू नये म्हणून. आम्ही तिला तसेच लावलेले, तोंडं वाळूत खुपसून. दिसायचं काही नाही, ऐकू मात्र सगळं यायचं. आता लोक तोंडानेच विचारत, तोंडानेच सांगत. गाडी दुरुस्तीच्या टेबलावर आहे की वाळूवर उतरली, हेही ओरडून सांगायची पद्धत पडली होती, म्हणजे मध्ये कुणी येऊ नये. "निळी वर," "लाल खाली," असं.

त्या रविवारी बोंबील खूप आले होते. वलांडी वाढवत वाढवत शर्यतीच्या जागेपर्यंत आणल्या होत्या. अगदी अलीकडच्या वलांडीपाशी मंजुळामावशी वाळलेले बोंबील उतरवत होती. "आज नको का?" असं कमलाकांत म्हणाल्याचं मी ऐकलं. इंजिनाच्या आवाजात दुसऱ्या कुणी ऐकलं नसावं. त्यांनी पुन्हा म्हटलं नाही.

जानूने गाडी वाळूवर सोडली. ती फेऱ्या मारू लागली. पलीकडे झाडाखाली शिवपूजनने आपल्या रिमोटमध्ये नवी तार जोडली होती आणि त्याला ती तपासायची होती. त्याने तिथूनच हाक दिली,

"जानूभाई, लाल खाली है क्या?"

जानूचे डोळे गाडीवर असणार. "हा, हा. लाल खालीच हाय."

शिवपूजनच्या भाषेत खाली म्हणजे रिकामी. लाल लहर मोकळी आहे का, असं त्याने विचारलं होतं. जानूच्या भाषेत खाली म्हणजे वाळूवर. गाडी वाळूवर आहे, असं त्याने सांगितलं. दोघांनाही आपलं उत्तर मिळालं.

बटण दाबल्याचा बारीक आवाज आला. मग इंजिनाचा सूर एकदम वर गेला. "वलत नाय," जानू म्हणाला. "मावशे, सर. वलत नाय ही." बांबू मोडल्याचा आवाज आला. त्याच्याबरोबर आणखी एक आवाज आला, तोही काहीतरी मोडल्याचाच होता. आणि मग इंजिन वाळूत उलटं पडून नुसतं किंचाळत राहिलं. ते बंद करायचं कुणाला सुचलं नाही.

मंजुळामावशीच्या गुडघ्याखालचं हाड मोडलं होतं. पालघरला नेलं, प्लास्टर घातलं. हाड सांधलं, पण वाकडं सांधलं.

त्याच दिवशी लोक जमले. भय्याने मुद्दाम बटण दाबलं, असं कुणीतरी म्हणालं आणि ते सगळ्यांना पटलं. ज्या कॉलरवर मी बसायचो, तीच धरून त्यांनी शिवपूजनला फरफटत नेलं. "पूछा था मैंने," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. कमलाकांत मध्ये पडले, पण त्यांचा आवाज त्या गर्दीत कुठवर पोहोचणार?

मावशी घरी आल्यावर जानू तिच्या खाटेपाशी बसला आणि त्याने जे बोलणं झालं ते जसंच्या तसं सांगितलं. कमलाकांत दाराशी उभे होते. फळीवरून काढलेला मी त्यांच्या खिशात होतो. त्यांनी मला का बरोबर घेतलं होतं, मला ठाऊक नाही.

मावशीने सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे त्यानं खरं इचारला. तू खरं सांगितला."

"हा."

"मंग माजा पाय कोनी मोडला?"

मावशीने दाराकडे मान वळवली.

"त्या पोराला हात नका लावू म्हनावं. आनि कमलाकांतभाऊ, ते तुमचे चिमटे होते ना, त्यांचा काय झाला?"

कमलाकांतांनी मला खिशातून काढून तिच्या हातावर ठेवलं. तिने मला दाबून उघडलं, सोडलं. पुन्हा उघडलं.

"इतकासा," ती म्हणाली. "याचं वजन झालं काय रं तुमाला?"

कमलाकांत तिथेच उंबऱ्यावर बसले. त्यांनी दिलेल्या शब्दाचा विषय तिने काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं, असं त्यांच्याकडे बघून वाटत होतं.

क्लब संपला. शिवपूजन मावशीला भेटायला आला, पायांशी बसला, आणि त्याच आठवड्यात बोईसर सोडून गेला. जानूने आपली गाडी खाडीत टाकली. होड्यांची इंजिनं तो अजून दुरुस्त करतो, पण चालू इंजिनाकडे पाठ करून उभा राहतो.

मावशीने मला परत दिलं नाही. मी आता तिच्या ओसरीवर असतो. सुक्या जवळ्याच्या पिशवीला हवा लागून तो सादळू नये, म्हणून तिचं तोंड धरून ठेवतो. मावशीला आता पाटी घेऊन हिंडता येत नाही. ती दारात बसून विकते आणि दारापर्यंत येईल तेवढंच गिऱ्हाईक मिळतं. कितीतरी दिवस मला कुणी उघडतच नाही.

मित्रांनो, मी काही शहाणा नाही. उपदेश करायचा मला संकोच वाटतो. तरी एवढं ऐका. चारचौघं मिळून तुम्ही काही चालवायला घ्याल, तेव्हा पहिल्या दिवशी भीतीपोटी एखादा लहानसा नियम कराल. पुढे भीती जाईल, ओळख वाढेल आणि त्या नियमाचं हसू येऊ लागेल. त्या वेळी तुमच्यातला जो कुणी हळू आवाजात "राहू द्या ना" म्हणत असेल, त्याचं ऐका. आणि तो हळू बोलणारा तुम्हीच असाल, तर पुन्हा एकदा म्हणा.