जवळ जाणाऱ्यांचा हंगाम

ठासणीच्या बंदुकीवर दुर्बीण लावायची नाही, हा नियम झाला त्याच वर्षी वर्लिनची बायको लारू गेली. नियम ठरवायची सभा शाळेच्या व्यायामशाळेत भरली होती. नियमाच्या बाजूने पहिला हात तिनेच वर केला.

"लांबून मारायचं असेल तर रायफलचा हंगाम आहेच की," ती उभी राहून म्हणाली. "हा जवळ जाणाऱ्यांचा हंगाम आहे. ज्यांना जवळ जाता येत नाही, त्यांनी घरी बसून मटार सोलावेत."

लोक हसले. वर्लिननेही हात वर केला. त्याच्या स्वतःच्या बंदुकीवर तेव्हा दुर्बीण होती, कारण त्याचे डोळे अधू होत चालले होते.

घरी जाताना तो म्हणाला, "माझाच गळा कापलास की गं."

"मी असेन ना शेजारी. कुठे मारायचं ते सांगेन."

उन्हाळ्यात ती गेली. त्यानंतर एल्कच्या, म्हणजे सांबरासारख्या त्या मोठ्या हरणाच्या, शिकारीची सोडत झाली आणि दोघांची नावं निघाली. किती वर्षं ते जोडीने अर्ज करत होते. तिचा परवाना वर्लिनने परत केला. डोळ्यांच्या डॉक्टरने सांगितलं होतं की पुढच्या वर्षी बंदुकीच्या टोकावरची नेम धरायची माशी दिसणार नाही. म्हणजे दोघांनी मिळून मागितलेला हा एल्क मारायचा तर याच वर्षी, नाहीतर कधीच नाही.

शेजारचा डेल आपली नवी बंदूक घेऊन आला. "ही ने. दुर्बीण आहे, आणि दारू मोजायची कटकट नाही. दारूची बंद डबी येते, मागून सरकवली की झालं."

"त्या डबीलाही बंदी आहे."

"अरे म्हातारबा, त्या डोंगरात कोण बघणार आहे तुला? एल्क तक्रार करणारेत?"

"लारूने हात वर केला होता."

"लारू मेली, वर्लिन."

"मला सांगतोस? मीच पुरलंय तिला."

डेलने आपली बंदूक भिंतीला टेकवली. मग त्याने स्वतःच पाना मागितला आणि वर्लिनच्या बंदुकीवरची दुर्बीण काढून दिली. पुढे रोज संध्याकाळी कुरणात फळी उभी करून दोघांनी सराव केला. डेल कुरकुरत दारू मोजून नळीत ओतायचा, वर्लिन गोळी ठासून बार काढायचा. फळी त्याला धुरकट दिसायची, पण जवळून गोळी लागायची.

हंगामाच्या पहिल्या दिवशी डेलने त्याला गाडीने पायवाटेच्या तोंडाशी सोडलं. "मी इथेच थांबतो. बार ऐकला की सुरी घेऊन वर येतो," तो म्हणाला.

अजून नीट उजाडलं नव्हतं. बंदुकीची दारू ठेवायचं लारूचं शिंग वर्लिनने गळ्यात अडकवलं होतं. त्याने बंदूक उभी धरली, नळीचं तोंड जरा बाजूला कलतं केलं आणि तो थोडा थांबला. मग तेल लावलेल्या चिंधीत गोळी गुंडाळून नळीत सारली आणि गजाने तळापर्यंत ठासली. बार नीट भरला की गज कुठवर आत जातो याची गजावर खूण होती, पण अशा उजेडात ती त्याला दिसली नाही. एरवी ती लारू बघायची.

तो चढत गेला. रात्रीच्या बर्फाने पाचोळा ओला झाला होता, पाय वाजत नव्हते. झऱ्यापाशी नर एल्कची शीळ ऐकू आली. वर्लिन गुडघ्यांवर आला, मग पोटावर. लारू असती तर त्याला बूट धरून मागे ओढत म्हणाली असती, घाई कसली आहे. त्याने घाई केली नाही.

नर ॲस्पेनच्या झाडांतून बाहेर आला तो इतका जवळ, की त्याच्या नाकातली वाफ वर्लिनला दिसली. नळीच्या टोकावरची माशीसुद्धा दिसली. दुर्बिणीची गरजच नव्हती. त्याने दारू पेटवणारी केपाची टोपी बसवली, घोडा ओढला, खांद्यामागे नेम धरला आणि चाप दाबला.

टोपी फुटली. काटकी मोडावी एवढाच आवाज झाला.

नराने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. मग तो सावकाश झाडांत निघून गेला.

टोपी दमट असेल म्हणून वर्लिनने दुसरी बसवली. तीही नुसती फुटली. तेव्हा त्याचा हात छातीवरच्या शिंगावर गेला. शिंग गच्च भरलेलं होतं. आपण सकाळी नळी बाजूला कलती करून कशासाठी थांबलो होतो, ते त्याला आता कळलं.

बऱ्याच वेळाने त्याने टोपी जिच्यावर बसते ती बोंडी काढली, तिच्या जागच्या भोकातून चिमूटभर दारू आत सारली आणि बोंडी परत बसवून नवी टोपी चढवली. अडकलेली गोळी बाहेर काढायला दुसरा उपाय नव्हता. त्याने बंदूक जमिनीकडे धरून बार काढला. गोळी समोरच्या चिखलात पडली.

डेल धापा टाकत वर आला. "पडला? कुठंय?"

"गेला."

"चुकलास?"

"नळीत दारू नव्हती."

"दारू? दारू घालायला कोण विसरतं रे?"

"मी कधी घातलेलीच नाही, डेल. गोळी माझी, दारू तिची. लग्न झाल्यापासून."

डेलने हातातली सुरी म्यानात घातली. दोन दिवसांनी परत येऊ, असं काहीतरी तो बोलायला लागला आणि मध्येच थांबला. वर्लिन खाली वाकून चिखलात गोळी शोधत होता. त्याच्या बोटांपासून वीतभर अंतरावर ती पडली होती, आणि ती त्याला दिसत नव्हती.