छेरछेऱ्याचं मागणं

पौषाच्या पुनवेला छत्तीसगडात छेरछेरा असतो. नवं धान कोठीत आलेलं असतं. दारात कोणी "छेरछेरा!" अशी हाक दिली की सूपभर, ओंजळभर, जमेल तेवढं धान घालायचं. मागणारा कोणीही असो, त्या दिवशी त्याला नाही म्हणत नाहीत.

रायपूर राजधानी होऊन दोन वर्षं झाली होती. आमच्या महिला मंडळाच्या वनमालाने ठरवलं की यंदा आपणही छेरछेरा मागायचा आणि धान विकून पैसे कॅन्सरच्या दवाखान्याला द्यायचे. बस्तर, सरगुजाकडून येणाऱ्या रोग्यांच्या सोबत्यांसाठी दोन खोल्या बांधायच्या होत्या.

"अंजनाकाकू, तुम्ही यायचंच," ती म्हणाली. "तेलीबांध्याच्या पाऱ्यात, तुमच्या जुन्या वस्तीत, तुमची ओळख आहे. अन् दवाखान्याचा कागद तुम्हीच वाचा. आता वाचता येते न तुम्हाले!"

साठी उलटल्यावर साक्षरतेच्या वर्गात मी अक्षरं शिकले होते. कागद हिंदीत होता, कॅन्सरची लक्षणं सांगणारा, चार ओळींचा. आदल्या दुपारी मी तो बोट ठेवून वाचला. तिसऱ्या ओळीवर बोट थांबलं. तोंडात पांढरा चट्टा, किंवा पंधरा दिवसांत न भरणारा फोड.

माझा फोड दसऱ्यापासून होता. डाव्या गालात, आतून. तिखट लागलं की डोळ्यांत पाणी येई, म्हणून मी दूधभातावर होते. मुलाला, नीलेशला, दाढ दुखते म्हणून सांगितलं होतं. कारण मला ठाऊक होतं. गुडाखू. तंबाखू आणि गुळाचा काळा लगदा, आपल्या मिसरीसारखा हिरड्यांना चोळायचा. लग्न होऊन गोंदियाहून आले तेव्हा शेजारच्या बिसाहिनने शिकवला. चाळीस वर्षं मोरीचं दार लावून चोळला. मंडळात कोणाला पत्ता नव्हता.

सकाळी पोतं घेऊन निघालो. पहिल्या दारात मी कागद वाचला. पहिली ओळ, दुसरी, चौथी. दुसऱ्या दारात तसंच. तिसऱ्या दारातून निघाल्यावर वनमाला म्हणाली, "काकू, एक ओळ गाळून राहिल्या तुम्ही."

"पुसट आहे ती."

"कुठं पुसट? चांगली ठळक तर आहे."

"मले मोतीबिंदू आहे."

"मोतीबिंदूबी ओळ पाहून येते का हो?" ती हसली आणि कागद माझ्या हातून घेतला.

मग तीच वाचू लागली, खड्या आवाजात. तिसरी ओळ आली की माझी जीभ आपोआप फोडावर जाई. वीस घरं झाली. वीस वेळा गेली.

तळ्यामागच्या आमच्या जुन्या गल्लीत शिरलो तशी मी मागे राहिले.

"ते कोपऱ्यावरचं घर सोड," मी म्हणाले. "त्यांच्याकडे धान नसते."

"आज घर सोडत नाहीत, काकू. मागाले लाजता काहून?" आणि तिने हाक दिलीही.

बिसाहिन बाहेर आली. आम्ही शंकर नगरला राहायला गेलो तेव्हापासून मी तिला पाहिलं नव्हतं. ती आजारी आहे एवढं कानावर आलं होतं आणि मी मुद्दाम गेले नव्हते. तोंडावर पदर, हातात सूप. वनमाला कागद वाचत होती. सूप पोत्यात ओतताना पदर सरकला. डावा गाल आत ओढून शिवलेला होता, ओठाचा कोपरा नव्हताच. वनमालाचं वाचन तिसऱ्या ओळीत तुटलं.

धान देऊन झालं तरी बिसाहिन आत गेली नाही. माझ्याकडे बघत राहिली.

"तोर?" तिने विचारलं. तुझं? आणि एक बोट स्वतःच्या हिरडीवर फिरवून दाखवलं.

"नइ," मी म्हणाले. "मोला कुछु नइ."

वनमाला एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहू लागली. बिसाहिनने सूप खाली ठेवलं. रिकामा पदर माझ्यासमोर पसरला.

"छेरछेरा," ती म्हणाली. "मुंह देखा." तोंड दाखव.

उघडलं तोंड की खरं होणार. मिटलेलं आहे तोवर ती दाढ आहे. गल्लीच्या टोकाकडे पाहिलं, पळता आलं असतं. पण वीसहून जास्त दारांत मी हात पसरला होता. एकानेही नाही म्हटलं नव्हतं.

मी तोंड उघडलं. दोनच बोटं उघडलं; त्याहून जास्त कधीपासून उघडेनासं झालं, मलाच कळलं नव्हतं. तिने माझी हनुवटी उन्हाकडे वळवली आणि बराच वेळ पाहिलं. त्या चेहऱ्यावरून काही समजत नव्हतं.

"कब ले?"

"दसरा."

"मंय दू बछर लुकाएंव," ती एकेक शब्द सोडवत म्हणाली. दोन वर्षं लपवलं.

"अहो काकू, मले सांगायचं न!" वनमाला ओरडली.

"काय सांगू? गुडाखू चोळते म्हणून?"

"गुडाखू चोळा नाही तं राख! अब्रू काय सरणावर पांघरायची आहे?"

बिसाहिन आत जाऊन चप्पल घालून, स्वतःची फाइल काखेत मारून आली. "चल."

पोतं तिच्याच ओसरीवर ठेवलं आणि तिघी ऑटोत बसलो. दवाखान्यात तिला सगळं ठाऊक होतं. चिठ्ठी कोणत्या खिडकीवर, बसायचं कुठे. मला बाहेर जायची दारं सोडून काही दिसत नव्हतं.

डॉक्टर तरुण होता. त्याने आरसा घालून पाहिलं, मग दुसऱ्या डॉक्टरला बोलावलं. दोघं वाकून बघत राहिले.

"छोटा टुकड़ा निकालेंगे, अम्मा. रिपोर्ट आठ दिन में."

"कॅन्सर आहे का?"

"अभी नहीं कह सकते. आ गईं, अच्छा किया."

त्याने सुई टोचली, तुकडा काढला, कापूस भरला. बाहेर बाकावर येऊन बसले. घरी नीलेशला सांगायचं होतं. मग आठ दिवस काढायचे होते. माझ्या हातांनी बाकाची कड घट्ट धरली होती, ती सुटेना. बिसाहिनने माझी बोटं एकेक करून सोडवली.