गळक्या माठांची यादी

रिकाम्या, दिवसभर तापलेल्या माठात पाण्याची पहिली धार पडते तेव्हा आतून एक बारीक, लांबट सुस्कारा उठतो. चैत्रातल्या संध्याकाळी, ऊन सागाच्या वाळल्या पानासारखे करडे होत जाताना, तो सुस्कारा आमच्या बागेत झाडागणिक ऐकू येई, आणि प्रत्येक सुस्काऱ्यापाशी दौलतभाऊ थोडे थांबत. गुडघे टेकत, माठाच्या तोंडाशी कान नेत, डोळे मिटत. आजारी माणसाच्या छातीवर वैद्याने कान ठेवावा, तसे. मग झाकणी ठेवून पुढच्या झाडाकडे जात. त्यांच्या धोतराला दोन्ही गुडघ्यांवर मातीचे दोन गोल पडलेले असत. ते कधी धुऊन गेलेले मी पाहिले नाहीत.

मी नगरपरिषदेत उद्यानाचे टेबल पाहते. तीन बागा, एक मैदान आणि बहुतेक वेळ कुलूपबंद असलेली व्यायामशाळा, एवढा माझा कागदावरचा प्रदेश. याद्या करणे हा माझा स्वभाव आहे. घरी किराण्याची, ऑफिसात झोपाळ्यांच्या साखळ्यांची. यादी झाली की मला शांत झोप लागते. दौलतभाऊंकडे यादी नव्हती. कोणत्या झाडाला काल पाणी दिले, कोणाला परवा, कोणाची पाने दुपारी मान टाकतात आणि सातच्या आत उचलतात, हे त्यांच्या गुडघ्यांना ठाऊक होते. त्या तिनांपैकी या एका बागेचे ते माळी होते. रोजंदारीवरचे, पण बाग त्यांच्याआधी नुसते पडीक आवार होती. सिंदेवाहीकडच्या धानाच्या बांध्यांत वाढलेला तो माणूस. पाणी वाहू द्यायचे नसते, थांबवायचे असते, हे त्यांच्या हाडात होते.

आमच्या भागातला उन्हाळा बाहेरच्यांना सांगून कळत नाही. वैशाखात दुपारी रस्ते ओस पडतात, पक्षी चोच उघडी ठेवून बसतात आणि पाइपने टाकलेले पाणी मुळापर्यंत जाण्याआधीच वाफ होऊन उडून जाते. म्हणून दौलतभाऊंनी प्रत्येक रोपाशेजारी गळ्यापर्यंत एक माठ पुरला होता. माठ भरायचा, झाकायचा. तो दिवसरात्र घामाघूम होत राहतो आणि तो घाम मुळे पितात. कडुनिंब, करंज, बहावा, दोन मोह. पाच उन्हाळे त्यांनी ती झाडे अशी वाढवली. सावली अजून रुमालाएवढी होती, पण त्या रुमालाखाली दुपारी भाजीवाल्या बाया टोपली ठेवून बसत, आणि दौलतभाऊ त्यांच्याकडे असे बघत, जणू पंगत त्यांनीच मांडली आहे.

माठ ते आठवडी बाजारातून आणत. उन्हाळा सरता सरता कुंभाराकडे जे उरतात, ज्यांना केसाएवढा तडा असतो, जे कोणी घेत नाही, तेच नेमके उचलत.

"गळका माठ माणसाले चालत नाई, बाई," ते मला म्हणाले होते. "झाडाले चालते. झाडाले तर थोच पायजे."

एकदा आमचे एक नगरसेवक फेरीला आले. बागेत सगळीकडे माठांची तोंडे बघून हसले. "काऊन दौलतभाऊ, झाडाइले फ्रीज बसवून देल्ला का?"

"फ्रीज तुमच्या घरी, भाऊ," पाण्याचा डबा खाली न ठेवता दौलतभाऊ म्हणाले. "आमच्या लेकराइले माठच पुरते."

सगळे हसले. मीही हसले. तो हशा आता आठवतो तेव्हा त्याला चव उरलेली नसते.

बागेसाठी पैसा कसा येतो, हे सांगणे भाग आहे. तो नव्या कामासाठी येतो. कारंजे, कमान, रंगीत फरशा, सिमेंटचा वाघ, यांना निधी आहे. त्यांच्यासमोर फीत बांधता येते आणि कोनशिलेवर नावे कोरता येतात. रोज संध्याकाळी गुडघे टेकून पाणी घालण्यासमोर फीत बांधता येत नाही. माझ्या तक्त्यात 'देखभाल' नावाचा रकाना दरवर्षी असतो आणि दरवर्षी तो वरून रिकामा परत येतो. म्हणून त्या हिवाळ्यात बागेच्या सुशोभीकरणाचा निधी मंजूर झाला तेव्हा आम्हा सगळ्यांना आनंद झाला. अट एकच होती. मार्चअखेर काम उभे दिसले पाहिजे, आणि त्याआधी आवारातल्या निरुपयोगी वस्तूंची यादी करून जागा मोकळी करून दिली पाहिजे.

यादी माझ्याकडे आली.

दौलतभाऊ तेव्हा आठवडाभर गावी गेले होते, मुलगी बाळंत झाली म्हणून. मी पॅड आणि पेन घेऊन एकटीच बागेत फिरले. सकाळचे धुके मातीवरून उठत होते, आणि माझ्या मनात कामाचा तो परिचित, स्वच्छ उत्साह होता. तुटका घसरगुंडीचा पत्रा. गंजलेला खांब. मोडके बाक. आणि मग माठ. एकेक झाकणी उचलून मी टिचकी मारली. चांगला माठ खणखणतो. हे सगळे बद्द वाजले. मी लिहिले: मातीचे माठ, जुने, फुटके, निरुपयोगी. पुढे नगसंख्या लिहिली. दोनदा मोजून. त्या यादीत एकही चूक नव्हती, आणि इतक्या वर्षांत इतकी नेटकी यादी माझ्या हातून झाली नव्हती.

ते माठ कशासाठी आहेत, हे मला माहीत नव्हते असे मी म्हणू शकत नाही. पाच वर्षे मी तो सुस्कारा ऐकत होते. पण यादीच्या नमुन्यात 'वस्तू' आणि 'स्थिती' एवढेच रकाने होते. 'ती काय करते' असा रकाना नव्हता, आणि जे रकान्यात बसत नाही ते मला त्या सकाळी सुचलेच नाही.

दौलतभाऊ परतले त्या दुपारी ऑफिसच्या दाराशी येऊन उभे राहिले. हातात मुलीकडचे लाडू, वर्तमानपत्रात बांधलेले. ते त्यांनी टेबलावर ठेवले आणि बसले नाहीत.

"बाई, मडके काढून राह्यले म्हंते. थे नोका काढू जी. मडके गेले तं झाडं ये उन्हाळ्यात टिकत नाई."

"दौलतभाऊ, आता फरशीखालून नळ्या टाकणार आहेत. ठिबक."

"नळ्या येतीन तेव्हा येतीन. तवरी राहू द्या. यादीतनं तेवढी एक ओळ काढा."

यादी माझ्या डाव्या हाताशी, ट्रेमध्ये, सहीविना पडलेली होती. एक ओळ काढायची म्हणजे खालचे सगळे अनुक्रमांक बदलायचे, बेरीज बदलायची, पुन्हा टंकायचे. एका तासाचे काम. बाहेर मुख्याधिकारी दोनदा विचारून गेले होते.

"यादी पुढे गेली," मी म्हणाले.

त्यांनी ट्रेकडे पाहिले. मग माझ्याकडे. मग खिडकीबाहेर, जिथे पळसाला नुकता रंग चढत होता. "बरं," म्हणाले, आणि गेले. लाडू मी संध्याकाळी घरी नेले.

मार्चअखेर काम उभे दिसले. रंगीत फरशा झाडांच्या बुंध्यापर्यंत येऊन भिडल्या. काही माठ उपटले गेले. काही फोडून जागच्या जागी मुरमाने भरले, कारण खोदण्यापेक्षा ते सोपे होते. मधोमध सिमेंटचा वाघ बसला, जंगलातल्या वाघापेक्षा थोडा अधिक पिवळा. त्याच्या बाजूला व्यायामाची लोखंडी यंत्रे आली. एप्रिलात सकाळी नऊनंतर त्यांना हात लावता येत नव्हता. फीत कापली गेली, फोटो निघाले. फरशीखालच्या नळ्यांचा खर्च देखभालीत धरला गेला होता, म्हणजे धरलाच गेला नव्हता.

बाग ठेकेदाराकडे गेली. त्याने दौलतभाऊंना ठेवून घेतले, निळा गणवेश दिला आणि गळ्यात शिट्टी अडकवली. वाघाच्या पाठीवर चढणाऱ्या पोरांवर ती वाजवायची, एवढेच काम. पाण्याचा कान असलेला तो माणूस आता दिवसभर शिट्टी ओठांत धरून उभा असे, आणि वाजवताना त्याचे गाल भरत, पण आवाज अर्ध्यावर विरून जाई. संध्याकाळी ठेकेदाराचे लोक निघून गेले की ते जुन्या डब्याने बुंध्याशी पाणी ओतत. पाणी फरशीवर पसरे, क्षणभर आकाश दाखवी आणि नाहीसे होई. कान लावायला आता जागा नव्हती. तरी ते गुडघे टेकत. निळ्या विजारीवरही ते दोन गोल उमटले होते.

आधी मोह गेले. मग करंज. बहाव्याने वाळण्याआधी एकच घोस काढला, अवेळी, फिकट. भाजीवाल्या बाया सरकत सरकत कमानीच्या सावलीत गेल्या. ती दुपारी पाय ठेवण्यापुरती उरते.

मेच्या अखेरीस दौलतभाऊ ऑफिसात आले. गणवेश धुऊन, इस्त्री करून, घडी घातलेला. त्यावर शिट्टी. सगळे माझ्यासमोर ठेवले.

"लिवून घ्या, बाई. शिट्टी, एक नग. चालू हाय. फुटकी नाई."

मी लिहिले. खरेच लिहिले, हाताला सवय होती. पोच म्हणून कागद पुढे केला तेव्हा त्यांनी तो घेतला नाही. दारापर्यंत गेले आणि चौकटीला हात लावून थांबले, पाठमोरेच.

"थ्या दिवशी कागद टेबलावरच होता. मले वाचता येते, बाई."

आवाजात राग नव्हता. पोचीचा कागद मी ट्रेमध्ये ठेवला.

ते मुलीकडे गेले, सिंदेवाहीला. आता तिथल्या अंगणात कुणाला माठ पुरून देत असतील. जूनमध्ये वाळलेल्या झाडांची यादी करावी लागली, तीही माझ्याकडेच आली. त्यात एक जास्तीचा रकाना होता: 'कारण'. प्रत्येक झाडापुढे मी एकच शब्द लिहिला: उष्णता. मुख्याधिकाऱ्यांनी न वाचता सही केली. त्या यादीनंतर मला झोप लागली नाही, आणि तेव्हापासून कोणत्याच यादीनंतर लागत नाही.

कधी कधी संध्याकाळी मी बागेत जाते, फरशीवर उभी राहते आणि तो सुस्कारा ऐकू येतो का पाहते. येत नाही, येतो तो वाघाभोवतीच्या पोरांचा गलका, आणि त्याला आता शिट्टीही नाही. वाटते, गेलेला काळही असाच तडा गेलेला माठ आहे. आपण त्यावर झाकणी ठेवतो आणि तो आत मुकाट झिरपत राहतो, रात्रंदिवस, थेंबाथेंबाने, जिथे एके काळी मूळ होते तिकडे.