पाठमोरी रांग

मित्रांनो, मी एक जुना आरसा आहे. पण माझ्यात पाहून कुणी भांग पाडावा, यासाठी मला घडवलेले नाही. नेवाडाच्या वाळवंटात एका उंच मनोऱ्याभोवती आम्ही हजारो आरसे उभे आहोत. सूर्याचे ऊन झेलायचे आणि मनोऱ्याच्या माथ्यावर टाकायचे, एवढेच आमचे काम. त्या तापातून वीज होते.

आम्ही आलो तेव्हा असा कारखाना इथे कुणी पाहिला नव्हता. जे कधी झालेच नाही त्याला कर्ज कसे द्यायचे, असे बँका म्हणाल्या. तेव्हा सरकार जामीन राहिले. हे बुडाले तर भरपाई आम्ही करू, असा शब्द त्याने दिला. ज्याने मला पाहिलेही नव्हते, त्याने माझ्यासाठी शब्द का दिला, हे मला अजून उमजलेले नाही. पुढे कर्ज फिटले, कौतुक झाले. मग उन्हातून थेट वीज करणारी स्वस्त सौर पॅनेल आली आणि लोक आम्हाला महागडा प्रयोग म्हणू लागले. आम्ही जिंकलो की हरलो?

आता कारखाना वर्षअखेरीस बंद होणार आहे. डोंगरापलीकडे जमिनीच्या पोटातल्या उष्णतेवर वीज करण्याची नवी योजना आहे. तिलाही सरकारच जामीन हवे आहे. ती उभी राहिली, तरच आम्हाला धुणाऱ्या गाडीची चालक अर्लीन एचेवेरिया तिथे काम मिळून गावात राहू शकेल. निर्णयापूर्वी हा जुना प्रयोग पाहायला वॉशिंग्टनहून एक अधिकारी बाई येणार होत्या.

"पुढची रांग तरी लखलखली पाहिजे," असे म्हणत अर्लीनने त्या सकाळी आम्हाला निगुतीने धुतले. धुताना आम्हाला मनोऱ्याकडे पाठ करून वळवतात, आणि मध्येच आरसे अचानक फिरू नयेत, म्हणून धुणारा रांगेला स्वतःचे कुलूप लावतो. आणि ज्याचे कुलूप, त्यानेच काढायचे. पाहुण्यांसाठी आईच्या हातचा मेंढीचा रस्सा आणायला अर्लीन घाईने गावात गेली. कुलूप तसेच राहिले. आणि बाई वेळेआधीच आल्या.

"ही पुढची रांग मेलीये का?" त्यांनी विचारले.

"नाही मॅडम, नुकतीच अंघोळ झालीये तिची," मुकादम ड्वाइट म्हणाला.

"म्हणजे सगळ्यात स्वच्छ आरसे, आणि तेच मनोऱ्याकडे पाठ करून उभे?"

"कुलूप अर्लीनचं आहे."

"मग तोडा की. ती इथं आहे कुठं?"

"गावात गेली असावी असं वाटतं. पण नुसत्या वाटण्यावर आम्ही कुलूप तोडत नाही. मागे कुणाचा हात अडकलेला असला तर? राष्ट्राध्यक्ष आले तरी ते तीच काढणार."

बाईंनी वाकून कुलूप नीट पाहिले. मग वाऱ्याने विस्कटलेले केस त्यांनी माझ्यात पाहून सारखे केले. त्यांच्या चेहऱ्यावर नाराजी होती की आणखी काही, ते मला वाचता आले नाही.

अर्लीन परतली तेव्हा त्यांच्या गाडीची धूळ अजून रस्त्यावर तरंगत होती.

"गेल्या? काय म्हणाल्या?"

"काही नाही. केस सारखे केले आणि गेल्या," ड्वाइट म्हणाला. "रस्सा तरी गरम आहे ना?"

अर्लीनने रश्श्याचा डबा त्याच्या हाती दिला. तिने कुलूप काढले. आम्ही सावकाश वळलो, आणि मनोऱ्याचा माथा आणखी उजळला. दूर वळणावर गाडी क्षणभर थांबली, की केवळ वळण्यासाठी मंदावली?

निर्णय अजून आलेला नाही. अर्लीन रोज येते, धुते, आणि कुलूप काढल्यावर ते राहिले तर नाही ना, म्हणून दोनदा मागे वळून पाहते.

मित्रांनो, तुम्ही कुणासाठी जामीन राहिलात, तर कर्ज फिटल्यावरही एकदा त्याला भेटून जा. आणि तो पाठमोरा दिसला, तर वळेपर्यंत थांबा.