रोजचं बिऱ्हाड

थोरलीच्या मुलीला जुळं झालं, त्याच वर्षी पाणी खात्याच्या शाखेतलं हजेरीचं मस्टर बंद झालं. दोन्ही बातम्या धाकटीला एकाच आठवड्यात कळल्या, म्हणून तिच्या डोक्यात त्या कायमच्या एकमेकींना चिकटल्या. थोरली बहीण फोनवर ओरडली होती, "अगं, तू आजी झालीस!" आणि धाकटी म्हणाली होती, "लग्न नाही, लेकरू नाही, एकदम आजी. बढती मिळावी तर अशी." मग हेड ऑफिसचा निरोप आला की यापुढे सही करायची नाही. ज्याने त्याने आपल्या नावाने कॉम्प्युटर उघडायचा. तो उघडला ती कामावर आल्याची वेळ.

शाखा म्हणजे पंपघराला चिकटून बांधलेली एक लांब खोली. पंपाची थरथर भिंतीतून टेबलात उतरायची आणि टेबलावर ठेवलेला कप आपसूक सरकत काठाशी यायचा. काउंटरवर धाकटी, पंपावर पंपवाले मामा, आणि वाट चुकल्यासारखे कधीतरी येणारे साहेब. मामांना कॉम्प्युटर नव्हता. पंप घुमू लागला की मामा आले, हे सगळ्या गल्लीला कळायचं. "माझी हजेरी चार गल्ल्या लावतात," असं ते म्हणत.

धाकटीची हजेरी मात्र त्या खोक्याच्या मर्जीवर गेली. ती नाव टाकायची, पासवर्ड टाकायची, की पडद्यावर ते गोल फिरायला लागायचं. फिरायचं म्हणजे घाण्याच्या बैलासारखं, जागच्या जागी. मांडीवर पर्स घेऊन ती बघत बसायची. खिडकीबाहेर रांग वाढायची.

"बाई, आमच्या नळाला पाणी नाही आणि तुमच्या टीव्हीला चित्र नाही," रांगेतला एक जण रोज म्हणायचा. पहिल्या दिवशी ती हसली होती.

कधी जीव उबगला की ती बटण दाबून मशीन बंद करायची आणि नव्याने सुरू करायची. मग घोडं आणखीच पेंड खायचं. मशीन उघडेपर्यंत तिच्या नावापुढे लेटमार्क लागलेला असायचा. ती लवकर यायला लागली. तरी पुरेना. आणखी लवकर यायला लागली. दार उघडलं की पंप सुरू व्हायच्याही आधी ती अंधूक खोलीत त्या गोलासमोर बसायची. मामा कुलूप काढायला यायचे तेव्हा ती पायरीवर बसलेली असायची.

"घरात कुणी हाकलून दिलं का गं?"

"उलट आहे, मामा. घरच्याला मीच टाकून आले."

घरी वडील होते. आयुष्यभर सुतारकाम केलेला माणूस. खुब्याचं हाड मोडल्यापासून पलंगावर. त्यांचा सगळा संसार हाताच्या अंतरावर मांडलेला होता. उशीशी चष्मा, डाव्या हाताला रेडिओ आणि पाण्याची बाटली, उजव्या हाताला गोळ्यांचा डबा, आणि पाठ खाजवायला त्यांचीच जुनी लाकडी फूटपट्टी. ही मांडणी धाकटीची. समोर दिसेल तेच हाताला लागतं, कपाटात गेलं ते गेलं, असा तिचा हिशेब. एवढं करूनही एक गोष्ट बाबांना स्वतःची स्वतः जमत नसे. दाढी. हात थरथरायचा. आणि ती त्यांना सकाळच्या उजेडात, खिडकीशीच हवी असायची. दिव्याखाली केलेली दाढी त्यांना चालत नसे. "दाढी वाढलेला माणूस म्हणजे रंधा न मारलेली फळी," असं ते म्हणत.

मस्टर होतं तोवर धाकटी रोज सकाळी त्यांची दाढी करायची. आता ती निघायची तेव्हा उजाडलेलंही नसायचं. उशाशी थर्मासमध्ये चहा ठेवायचा, शेजारच्या काकूंना किल्ली द्यायची आणि पाय न वाजवता बाहेर पडायचं. दाढी रविवारवर गेली. आठवडाभर बाबा गाल चोळत पडून असायचे.

"तुझ्या ऑफिसात कोंबडे पाळलेत का? त्यांना उठवायला जातेस?"

"कॉम्प्युटरला उठवायला जाते."

"मग तो माझ्यापेक्षा आजारी आहे," बाबा म्हणाले होते.

तिने तक्रार केली नव्हती असं नाही. सगळ्या शाखांचे कॉम्प्युटर सांभाळणारा एक माणूस हेड ऑफिसात होता. वायरीच्या टोकाला वायर जोडत त्याची हयात गेली म्हणून सगळे त्याला जोडारी म्हणत. तो तिथूनच इथल्या मशीनमध्ये शिरायचा. पडद्यावरचा बाण आपोआप हिंडायला लागायचा आणि मामा म्हणायचे, "भुताटकी आली." जोडारी इकडे तिकडे फिरून फोनवर सांगायचा, "बाई, मशीन ठणठणीत आहे." आणि ते खरंच असायचं. एकदा उघडलं की ते नीट चालायचं. जोडारी कामाला बसून तिच्या मशीनपर्यंत पोहोचायचा तेव्हा ते उघडून मोकळं झालेलं असायचं. दुखणं डॉक्टर येण्याआधी पळून जायचं. वर हेड ऑफिसात बोललं गेलं की मशीन बरं आहे, बाईच उशिरा येतात.

मग बदलीचा हुकूम आला. पुढच्या महिन्यापासून हेड ऑफिस, साहेबांच्या नजरेखाली. म्हणजे दोन बस बदलून जायचं, आणि रात्री परत येणं नाहीच. तिथे खोली घ्यायची तर जिने चढून जायची, पलंग कोण नेणार? नोकरी सोडायची तर दोघांचं कसं भागायचं? थोरलीच्या घरात तर जुळ्यांनी आधीच पाय ठेवायला जागा ठेवली नव्हती.

तिने बाबांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ रेडिओचं बटण फिरवत राहिले.

"जा," ते म्हणाले. "माझी काळजी करू नको. मी कुठे पळून जाणार आहे?" आणि त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.

त्याच आठवड्यात जोडारी स्वतः आला. पलीकडच्या शाखेत इंटरनेटच्या लाइनचा डबा जळला होता, तो बदलून परत जाताना सकाळच्या बसने इथे उतरला. धाकटीला तो आवाजावरून तरणा वाटला होता. निघाला पिकलेल्या केसांचा, सुजलेल्या पायांचा. आल्या आल्या त्याने टेबलाखाली बूट काढले.

"माफ करा बाई. पाय म्हणतात आम्ही आधी निवृत्त होतो, तू ये मागून."

गेलेली वीज नुकतीच आली होती, त्यामुळे मशीन अजून बंद होतं. त्याने ते चालू केलं, स्वतःचं नाव टाकलं, आणि कॉम्प्युटर डोळ्याची पापणी लवायच्या आत उघडला.

धाकटीला वाटलं, आता हा परत म्हणणार, ठणठणीत.

जोडारी तसं म्हणाला नाही. त्याने स्वतःचं नाव बंद केलं आणि खुर्ची तिच्याकडे सरकवली. "आता तुमचं टाका."

तिने टाकलं. गोल फिरायला लागलं. दोघं बघत बसले. मामा दारात येऊन उभे राहिले. बाहेरून नेहमीचा आवाज आला, "आज दोन माणसं लागली का टीव्ही लावायला?"

"म्हणजे खोट माझ्या नावातच आहे," धाकटी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग यायलाही थोडी ताकद लागते.

"थांबा." जोडारीने फोन काढला आणि हेड ऑफिसातल्या हजेरीवाल्याला लावला. "हां, मीच. पंपघराच्या शाखेतून बोलतोय. बाई खुर्चीत आहेत, पासवर्ड टाकलाय, बघतोय. तू फोन ठेवू नको."

"कशाला?" हजेरीवाल्याचा आवाज खोलीभर ऐकू आला.

"उघडला की सांगतो."

पंप घुमत होता. गोल फिरत होतं. काठाशी आलेला कप मामांनी मागे ढकलला.

"अरे, उघडला का?"

"नाही."

"मला कामं आहेत."

"बाईंनाही आहेत. खिडकीत रांग आहे. ऐकवू?" जोडारीने फोन खिडकीकडे धरला. रांगेने संधी सोडली नाही. पाणी खात्याच्या बापजाद्यांपर्यंत सगळं हजेरीवाल्याला ऐकायला मिळालं.

"कळलं, कळलं. अजून किती?"

"ते मला माहीत असतं तर मी इथे चहा न पिता बसलो असतो का? तू आज पहिल्यांदा बसलायस. बाई रोज बसतात."

हजेरीवाल्याने फोन आपटला. जोडारी हसला नाही, पाय चोळत बसला. गोल फिरतच होतं. शेवटी हजेरीवाल्याचाच फोन परत आला, आणि आता आवाज खाली आला होता. "उघडला?"

"नाही."

"मशीन खराब असेल."

"माझ्या नावाने लगेच उघडतं. काय आहे ते शोधतो. पण हा वेळ त्यांच्या नावावर उशीर म्हणून लागतोय, एवढं तू आता कानाने ऐकलंस."

मशीन उघडलं तेव्हा जोडारी पुढे वाकला आणि पडद्याकडे बघतच राहिला. पडद्यावर बोट ठेवायला जागा नव्हती. फुटलेल्या पाइपांचे, गळक्या नळांचे, चिखलाने भरलेल्या खड्ड्यांचे फोटो. तक्रार करायला येणारा प्रत्येक जण फोटो द्यायचा आणि धाकटी तो समोर ठेवायची. वर्षानुवर्षांचे.

"हे सगळं इथे का?"

"समोर दिसलं की विसरत नाही. आत कप्प्यात गेलं की गेलंच."

"दुरुस्त झालेले पण?"

"पाइप परत फुटतात ना."

मामा खो खो हसले. जोडारीने कपाळाला हात लावला, पण हळूच, तिला वाईट वाटू नये असा.

"बाई, तुम्ही समोर ठेवता ते इथे राहत नाही. संध्याकाळी तुम्ही मशीन बंद केलं की हे सगळं हेड ऑफिसात जातं. सकाळी तुमचं नाव टाकलं की एकेक करून परत यायला निघतं. आणि तिथल्या कुणी शहाण्याने असं लावून ठेवलंय, की चोरी नको म्हणून इथली प्रत रोज पुसायची. म्हणजे सकाळी सगळं पहिल्यापासून. तुम्ही रोज बिऱ्हाड बदलता. संध्याकाळी पाटा-वरवंट्यासकट सामान तिकडे, सकाळी इकडे. मध्येच बटण दाबलं की अर्ध्या वाटेवरचा टेम्पो मागे फिरतो."

"आणि लाइन?" मामांनी विचारलं.

"तुमच्या भाषेत सांगतो. अर्ध्या इंचाचा नळ."

"अर्ध्या इंचाच्या नळावर टाकी भरताय!" मामा म्हणाले. "मग सकाळ जाणारच की."

धाकटी पडद्याकडे बघत होती. इतके महिने अंधारात उठून ती स्वतःच भरलेल्या सामानाची वाट बघत बसली होती. "म्हणजे चूक माझीच."

"अर्धी तुमची, अर्धी त्या शहाण्याची. माझ्या पगारात कुणालाच बोलणं बसत नाही."

"फोटो पुसणार का?"

"एकही नाही. याच मशीनच्या पोटात वेगळा कप्पा करतो. बिऱ्हाड इथेच राहील, रोज फक्त तुम्ही ये-जा करायची." तो थांबला. "एक प्रत मी तिकडेही नेऊन ठेवतो, एकदाच. तुमचा जीव अडकलेला दिसतोय."

दिवसभर तो फोटो हलवत होता आणि ती खिडकीवर हाताने तक्रारी लिहून घेत होती. दुपारी त्याने टेबलावर डोकं ठेवून डुलकी काढली. मामांनी पंपघराचं दार ओढून घेतलं, म्हणजे आवाज कमी येईल. उठल्यावर त्याने हजेरीवाल्याला पुन्हा फोन लावला.

"लागलेले लेटमार्क निघत नाहीत," हजेरीवाला म्हणाला.

"ते राहू देत. बदलीचं बोल."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"साहेबांना मी सांगतो, मी स्वतः फोनवर होतो म्हणून. बदली थांबेल. पण पुढे लेट दिसला तर मला मध्ये घालायचं नाही."

"दिसणार नाही," जोडारी म्हणाला. मग बूट चढवायला त्याला बराच वेळ लागला. धाकटीने चहा आणला. कप टेबलावर ठेवायच्या ऐवजी त्याच्या हातात दिला.

"घरी कोण असतं तुमच्या?" तिने विचारलं.

"टीव्ही," तो म्हणाला आणि बस पकडायला निघाला.

दुसऱ्या दिवशी धाकटी सवयीने अंधारातच उठली. चहा थर्मासमध्ये ओतला, चपला घातल्या, आणि मग दारातच उभी राहिली. चपला काढल्या. उजाडेपर्यंत ती स्वयंपाकघरात नुसती बसून राहिली. बाबा जागे झाले तेव्हा ती वाटीत साबणाचा फेस करत होती.

"आज रविवार का?"

"नाही."

"मग नोकरी गेली?"

"नोकरी आहे, बदली नाही. हनुवटी वर करा, बोलू नका, कापेल."

त्या दिवशी ऑफिसात तिने नाव टाकलं, पासवर्ड टाकला, आणि मांडीवरची पर्स खाली ठेवायच्या आत कॉम्प्युटर उघडला. तिला काय करावं ते सुचेना. रांगही अजून लागली नव्हती. मग तो नेहमीचा माणूस आला, पडद्याकडे बघून म्हणाला, "अरे, चित्र आलं!" आणि स्वतःच्या नळाचं बोलायचं विसरून गेला.

दाढी पुन्हा रोजची झाली. बाबांची बडबडही. वस्तऱ्याला धार नाही, फेस पातळ आहे, डावा गाल राहिला, तू सुताराची मुलगी शोभत नाहीस. थकवा गेला नाही, तिच्या वयात तो जात नसतो. पण सकाळी घरातून निघताना पाय वाजले तरी चालत होतं.

बाबा वारले ते त्याच वर्षी, थोरलीच्या जुळ्यांपैकी मोठीला पहिला दात आला त्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी, ऑफिसच्या वेळेआधी. खिडकीतून ऊन आलं होतं. उजवा गाल झाला होता, डाव्यावर फेस होता. धाकटीने आधी तो गाल पूर्ण केला, टॉवेलने तोंड पुसलं आणि मग थोरलीला फोन लावला.