वल्ह्याला लावलेला कान

कमळाकरने वल्हं पाण्यात उभं धरलं आणि दांड्याला कान लावला. सकाळपासून ही तिसरी जागा. कान दुखायला लागला, पण वल्ह्यातून येत होती ती फक्त लांबच्या इंजिनांची घरघर.

पनवेलच्या खाडीतून निघायचं, उरणच्या पुढे जोडखडपाच्या खडकांपाशी जायचं आणि घोळ माशाचा आवाज ऐकायचा, हे त्याच्या घराण्याकडचं काम. अंडी घालायला जमलेल्या घोळी पाण्याखाली कण्हतात. त्या पंधरवड्यात तिथे कुणी जाळं टाकायचं नाही. दोनदा ऐकून खात्री झाली की कोळीवाड्याला सांगायचं, "आल्या." त्याआधी अवाक्षर काढायचं नाही.

चार दिवसांपूर्वी त्याने यंदा पहिल्यांदा ऐकलं होतं; आज तो दुसऱ्यांदा ऐकायला आला होता. एवढा दांडगा आवाज पंधरा वर्षांत आला नव्हता. त्याच संध्याकाळी मुलाचा, प्रितमचा फोन आला. प्रितम दोन वर्षांपासून अख्खा थवा एका जाळ्यात घेरणाऱ्या मोठ्या पर्ससीन बोटीवर कामाला होता.

"बाबा, यंदा आल्या का?"

"बापाला इचारतंस? जोडखडपाच्या दक्षिणेला हायत. बोट चालवशील रं, पन असा कान कुठनं आनशील?"

पोराला टोमणा मारल्याच्या आनंदात तो त्या दिवशी दोन घास जास्तच जेवला होता.  आता ते आठवून त्याला स्वतःच्या जिभेची चीड आली.

होडी वळवली तेव्हा पाण्यावर डिझेलचा तवंग दिसला. त्यात मोठाले खवले तरंगत होते.

घरी ओट्यावर हौसा, त्याची बायको, विळीला बसली होती. समोर दोन हात लांब घोळ, पोट चिरलेली. तिच्या अंड्यांनी, गाबोळीने परात भरून गेली होती. शेजारी प्रितम हसत उभा.

"सगल्यात मोठी तुमच्यासाठी ठेवली, बाबा. बाकी टेम्पो भरून गेल्या. शेट बोलला, तुज्या बापालाच आन बोटीवर."

"कुठं गावली रं ही?" हौसाने विचारलं.

प्रितमने बापाकडे पाहिलं. हौसानेही पाहिलं, आणि तिचे हात परातीतच थांबले.

तेवढ्यात आळीतली म्हातारी गोदूआजी काठी टेकत आली. तिला डोळ्यांनी दिसत नव्हतं.

"कमळ्या, आयकलंस का रं? आल्या का?"

"आल्या व्हत्या, आजी."

वल्हं तो नेहमी देवाजवळच्या खुंट्यांवर आडवं ठेवायचा. आज तो मागच्या दारी गेला आणि ते त्याने सरपणावर ठेवलं.