शेळीच्या दुधाची धार

नवऱ्याचं नाव घेऊ न्हाई म्हणत्यात. मी घेती. धुळा! ह्या धुळानंच डोंगराला काडी लावली.

दरसाल लावत्यात. वाळकं गवात जाळलं की पावसाळ्यात मेंढरांस्नी कवळं गवात लय येतंय, असं ह्यांचा बा सांगून गेला. कितींदा म्हणलं, आवं, वारं सुटलंय, नगासा. ऐकत्यात व्हय कुणाचं?

वारं फिरलं आन् वणवा मेंढरांकडंच वळला. माझी प्रांजल पळाली कळप हाकायला. पोलीसभरतीची तयारी करतीया पोरगी, पळायला कुणाला ऐकायची न्हाई. सगळी मेंढरं भाईर काढली तिनं, पर आली तवा डोळं लालभडक, पाण्याची नुसती धार. डावा डोळा तर उघडंना. राखेचा कण घुसलावता त्यात.

"आई, पानी दे, डोळं धुवायचंत," म्हणली. मी हांडा घिऊन येस्तवर ह्यांनी शेळी धरलीबी.

"पान्यानं डोळं सुजत्यात. आमच्यात दूधच घालत्यात," म्हणलं, आन् आचळातनं थेट डोळ्यात धार मारली. वर घोंगड्याच्या कोपऱ्यानं चोळलं. लय मायेनं केलं बरं का, फुंकर मारत मारत. त्येचाच तर राग येतोय मला. वाईट मनानं केलं असतं, तर पोटभर शिव्या तरी दिल्या असत्या.

पुढं डोळा पिकला. बुबुळावर पांढरं फूल पडलं. मग नेली कराडला. डॉक्टरनं कपाळाला हात लावला.

"धूर लागला की नुसत्या स्वच्छ पाण्यानं धुवायचं. चोळायचं नाही आणि दूध तर नाहीच नाही. त्याच दिवशी आणायची होती हो हिला!"

धुळा कोपऱ्यात उभा, पटका हातात. "नजर यील नव्हं, सायेब?"

"औषध चालू करू. बघू."

तवापासनं ह्यांच्या घशाखाली भाकरी उतरंना. पोरीकडं बघायचं टाळत्यात. मला तर हांडा दिसला तरी रडू येतंय.

आज परत तपासायला नेली. डॉक्टरनं तिचा चांगला डोळा झाकला. "प्रांजल, मी बोटं दाखवीन. किती आहेत ते सांगायचं."

हे तिच्या पाठीशी उभं.

"तीन!" पोरगी झटदिशी म्हणली. "आबा, दिसतंय मला."

डॉक्टरनं अजून हात वर केलाच नव्हता.